हात न उगारता मूल वाढते का? स्वीडन आणि आपली वस्ती

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी अभ्यासिका चालते. सहावीतला एक मुलगा सलग दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा त्याला भिंतीला पाठ टेकून बसता येत नव्हते. आम्ही त्याच्या घरी गेलो. आई चार घरची धुणीभांडी करून नुकतीच परतली होती. तिने काहीच लपवले नाही. "मारलं मी, ताई. गणितात तीन मार्क आणलेत. हा शिकला नाही तर यानंही जन्मभर लोकांचंच करायचं का?" एवढे बोलून तीच रडायला लागली. मुलगा दाराशी उभा राहून तिच्याकडे बघत होता.

त्याच आठवड्यात आमच्या गटातल्या एका जुन्या मैत्रिणीशी फोनवर बोलणे झाले. ती मूळची नागपूरची, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे स्वीडनमध्ये स्टॉकहोमला राहते. तिचा पाच वर्षांचा मुलगा जेवताना ताट लोटून देत होता. तिने सवयीने हात उगारला. मुलगा शांतपणे म्हणाला, "आई, मुलांना मारायचं नसतं. शाळेत सांगितलंय." ती आम्हाला म्हणाली, "हात तसाच वर राहिला गं. लहानपणी मी आईला असं बोलले असते, तर दोन जास्तच बसल्या असत्या."

या दोन्ही आया आपल्याच समाजातल्या आहेत. दोघींचेही आपल्या मुलावर जिवापाड प्रेम आहे. दोघीही लहानपणी मार खाऊनच वाढल्या आहेत. मग एकीचा हात वरच थांबला आणि दुसरीचा पाठीवर पडला, हा फरक कुठून आला?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले उत्तर असे की, तिकडचे लोक मुळातच सुसंस्कृत आहेत, आपले लोक अडाणी. दुसरे उत्तर असे की, ती त्यांची संस्कृती, ही आपली. मार खाल्ल्याशिवाय मूल सुधारत नाही. आम्हाला ही दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात. स्वीडनचा इतिहास पाहिला तर पालकत्व हा कुणाच्या रक्तात असलेला गुण नाही, हे स्पष्ट दिसते. कायदा, रजा, पैसा, पाळणाघर आणि लोकशिक्षण यांनी मिळून तिथला पालक घडवला आहे. जे घडवता येते ते आपल्याकडेही घडू शकते, म्हणून हा विषय आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतला पाहिजे.

स्वीडनही असाच मारणारा देश होता

आज जगातला सर्वात बालस्नेही देश म्हणून स्वीडनचे नाव घेतले जाते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो एक गरीब शेतकरी देश होता. लाखो माणसे पोट भरण्यासाठी अमेरिकेला निघून गेली होती. गावातल्या अनाथ आणि कंगाल मुलांना सांभाळायला कुणाकडे द्यायचे हे ठरवण्यासाठी तिथे बोली लागत असे. जो गावाकडून सर्वात कमी पैसे मागेल, त्याच्या घरी ते मूल जाई. तिथे त्याला काय खायला मिळे आणि किती राबावे लागे, हे सांगण्याची गरज नाही. ही पद्धत १९१८ च्या कायद्याने बंद झाली.

घरात आणि शाळेत छडी ही तिथेही रोजची गोष्ट होती. धर्माचा आधारही होताच. मुलाला मारणे हे पालकाचे कर्तव्य आहे असे मानले जाई. हे एका दिवसात बदलले नाही. माध्यमिक शाळांतून १९२८ मध्ये छडी गेली. प्राथमिक शाळांतून ती जायला १९५८ साल उजाडले. १९६६ मध्ये पालकांना मारण्याची मुभा देणारी तरतूद कायद्यातून काढली गेली. पण मुभा काढणे वेगळे आणि मनाई करणे वेगळे. त्यामुळे मारणे चालूच राहिले.

१९७८ मध्ये पिप्पी लाँगस्टॉकिंग या पात्राची निर्माती, बालसाहित्यिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांना जर्मनीत फ्रँकफर्ट येथे शांतता पुरस्कार मिळाला. तिथे त्यांनी मुलांवरच्या हिंसेविषयी भाषण केले. त्यात त्यांनी एक गोष्ट सांगितली. एका आईने पहिल्यांदाच मुलाला मारायचे ठरवले आणि त्यालाच बाहेर जाऊन छडी शोधून आणायला सांगितले. मुलगा बराच वेळाने रडत परतला. छडी सापडली नव्हती, म्हणून आईला मारून फेकता यावा यासाठी तो एक दगड घेऊन आला होता. आपल्या आईला आपल्याला फक्त दुखवायचे आहे, मग दगडही चालेल, असा त्याने अर्थ काढला होता. आईने तो दगड स्वयंपाकघरातल्या फळीवर कायमचा ठेवून दिला.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, स्वीडनच्या संसदेने पालकांसह कुणीही मुलाला शारीरिक शिक्षा करू नये, त्याचा अपमान करू नये असा कायदा केला. २५९ मते बाजूने पडली, विरोधात फक्त ६. असा कायदा करणारा स्वीडन हा जगातला पहिला देश. आज अशा देशांची संख्या साठच्या वर गेली आहे. दक्षिण आशियात हा मान २०१८ मध्ये नेपाळने मिळवला. ज्या देशात लुंबिनी आहे त्या देशाने हे केले, ही आपण ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. जपाननेही २०१९ मध्ये कायदा बदलून पालकांना मारण्यास मनाई केली.

कायदा कसा राबवला?

आपल्याकडे कायदा म्हटले की पोलीस आणि तुरुंग डोळ्यासमोर येतात. स्वीडनची ही तरतूद कुटुंबविषयक कायद्यात आहे आणि तिच्यात स्वतंत्र शिक्षाच लिहिलेली नाही. गंभीर मारहाण झाली तर ती फौजदारी कायद्याखाली येतेच. पण एक चापट मारणाऱ्या आईला तुरुंगात टाकणे हा या कायद्याचा हेतू नव्हता. समाजाचा विचार बदलणे हा हेतू होता.

म्हणून सरकारने मोठी मोहीम काढली. मुले असलेल्या घरोघरी एक पुस्तिका पाठवली. बाहेरच्या देशांतून आलेल्या कुटुंबांसाठी तिची अनेक भाषांत भाषांतरे केली. रोज सकाळी न्याहारीच्या वेळी टेबलावर जे दुधाचे खोके येते, त्यावर दोन महिने नव्या कायद्याची माहिती छापली. आई, बाप आणि मुले एकाच वेळी ती वाचत होते. कायदा मुलांनाही कळला, ही यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. आमच्या मैत्रिणीच्या मुलाने जे वाक्य उच्चारले, त्याची मुळे त्या दुधाच्या खोक्यापर्यंत जातात.

१९६० च्या दशकात तिथले निम्म्याच्या आसपास लोक मुलांना मारणे योग्य मानत होते. एका पिढीनंतर असे मानणारे दहातले एक-दोनच उरले.

नुसता कायदा पुरला असता का?

इथे आपण थांबून विचार केला पाहिजे. आई-बाप थकलेले आहेत, घरात पैसा नाही, मूल सांभाळायला कुणी नाही, अशा स्थितीत नुसती पुस्तिका पाठवली असती तर हा बदल झाला असता का? आम्हाला तसे वाटत नाही. स्वीडनने मारू नका असे सांगितले, आणि त्याच्या आगेमागे न मारता मूल वाढवता येईल अशी व्यवस्थाही उभी केली.

पहिली गोष्ट रजेची. १९७४ मध्ये स्वीडनने बाळंतपणाच्या रजेऐवजी पालकत्वाची रजा आणली. म्हणजे आई किंवा बाप, कुणीही ती घेऊ शकतो. असे करणारा तो पहिला देश होता. आज एका मुलामागे दोघांना मिळून ४८० दिवसांचा भत्ता मिळतो. त्यातले ३९० दिवस पगाराच्या सुमारे ८० टक्के रक्कम ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळते, उरलेले ९० दिवस अगदी थोडी ठराविक रक्कम. यातले ९०-९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत. बापाने त्याचे दिवस घेतले नाहीत तर ते बुडतात, आईला देता येत नाहीत. हे राखीव दिवस १९९५ पासून टप्प्याटप्प्याने वाढवले गेले. त्याचा परिणाम असा की, स्टॉकहोमच्या रस्त्यावर कामाच्या दिवशी बाबागाडी ढकलत चाललेले बाप दिसतात आणि कुणाला त्याचे नवल वाटत नाही. २०२४ पासून तर यातले काही दिवस आजी-आजोबांच्या नावेही करता येतात.

दुसरी गोष्ट आजारपणाची. मूल बारा वर्षांचे होईपर्यंत ते आजारी पडले तर पालकाला घरी राहता येते आणि सरकारकडून भत्ता मिळतो. वर्षाला एका मुलामागे १२० दिवसांपर्यंत ही सोय आहे.

तिसरी गोष्ट पाळणाघराची. मूल एक वर्षाचे झाले की त्याला बालवाडीत जागा मिळण्याचा हक्क आहे. पालक नोकरी करतात किंवा शिकतात तेवढे तास ते मूल तिथे राहू शकते. फी उत्पन्नाच्या प्रमाणात असते आणि तिला कमाल मर्यादा आहे.

चौथी गोष्ट पैशाची. १९४८ पासून प्रत्येक मुलामागे सरकार बालभत्ता देते. सध्या तो महिन्याला १२५० क्रोनर आहे. तो श्रीमंतालाही मिळतो आणि गरिबालाही, त्यामुळे तो घेताना कुणाला मान खाली घालावी लागत नाही. शाळा फुकट आणि दुपारचे गरम जेवणही सगळ्यांना फुकट. सगळी मुले एकाच पंगतीत जेवतात.

आता आमच्या अभ्यासिकेतल्या मुलाच्या आईकडे परत या. ती चार घरी काम करते. बाळंतपणानंतर दीड महिन्यात ती कामावर गेली होती, कारण दुसरी बाई लागली असती तर घरे हातची गेली असती. मुलाला ताप आला तर खाडा होतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. नवरा रंगकामाला जातो. काम मिळाले तर मिळाले. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात. या बाईला 'सकारात्मक पालकत्व' शिकवायला जाणे हा आम्हाला तिचा अपमान वाटतो, जर आपण तिच्या वेळेबद्दल आणि मजुरीबद्दल काहीच बोलणार नसू.

दोन बालपणे, दोन दिवस

तिथल्या मुलाचा दिवस कसा असतो? पाऊस असो, बर्फ असो, बालवाडीत रोज बाहेर खेळायला जातात. तान्ही बाळेही थंडीत नीट गुंडाळून बाबागाडीत उघड्यावर झोपवली जातात. सहाव्या वर्षापर्यंत खेळ हेच शिक्षण. खरी पहिली इयत्ता सातव्या वर्षी सुरू होते आणि गुण मिळायला सुरुवात होते ती सहावीपासून. मुले शिक्षकांना नावाने हाक मारतात. सुट्टीत कुठे जायचे, आज कोणते कपडे घालायचे, यावर चार वर्षांच्या मुलालाही मत विचारले जाते. आमची मैत्रीण सांगते, "सुरुवातीला मला वाटायचं, हे लोक मुलांशी इतकं बोलतात कशाला? आता कळतं, की मारायचं नसेल तर बोलावंच लागतं. आणि बोलायला वेळ लागतो."

आपल्या वस्तीतल्या मुलाचा दिवस वेगळा आहे. सकाळी नळाला पाणी येते तेव्हा हंडे भरायचे. धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडायचे. शाळेतून आल्यावर चावी शेजारच्या काकूंकडून घ्यायची. संध्याकाळी अभ्यासिका. त्याला खेळायला मैदान नाही, पण गल्ली आहे आणि गल्लीत पंचवीस सवंगडी आहेत. आई घरी नसली तरी आजी आहे, मावशी आहे, शेजारीण आहे. कुणाच्याही घरी जेवला तरी चालते.

हे आपले बळ आहे आणि ते आपण विसरू नये. मैत्रीण तिकडे सर्वात जास्त कशाला आठवत असेल तर याला. तिथे मुलाला खेळायला बोलवायचे तर आठ दिवस आधी दुसऱ्या आईला मेसेज करावा लागतो. बाळंतपणानंतरचे पहिले महिने तिने चार भिंतींत एकटीने काढले.

तिकडचे सगळेच सोने आहे असेही नाही. उत्तरेकडच्या सामी या आदिवासी समाजाच्या मुलांसाठी १९१३ च्या कायद्याने वेगळ्या भटक्या शाळा काढल्या गेल्या, त्यात त्यांना मुद्दाम कमी प्रतीचे शिक्षण दिले गेले. १९३४ पासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत 'पालक व्हायला लायक नाहीत' असा शिक्का मारून हजारो लोकांची, मुख्यतः गरीब स्त्रियांची, नसबंदी केली गेली. चांगला पालक कोण हे सरकार ठरवू लागले की त्याचा फटका दुबळ्यांना आधी बसतो, हा धडाही स्वीडनच देते. आजही परदेशातून आलेल्या पालकांना आपले मूल सरकार काढून नेईल अशी धास्ती असते. शेजारच्या नॉर्वेत २०११ मध्ये एका भारतीय जोडप्याची मुले बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली होती, ते प्रकरण अनेकांना सिनेमामुळे ठाऊक आहे. अलीकडच्या वर्षांत स्वीडनमधल्या गुन्हेगारी टोळ्या अल्पवयीन मुलांना वापरत आहेत, आणि त्यात वंचित वस्त्यांतली मुले अधिक ओढली जातात.

म्हणून आपल्याला स्वीडनची आरती करायची नाही. एका देशाने एका प्रश्नावर काय केले आणि त्याचा काय उपयोग झाला, एवढेच शिकायचे आहे.

आपला कायदा कुठे थांबतो?

भारताने बालहक्कांची संयुक्त राष्ट्र संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई केली. म्हणजे गुरुजींची छडी कायद्याने गेली आहे. ती प्रत्यक्षात गेली का, हे आपण सगळे जाणतो. आणि शाळेतली छडी सगळ्यांच्या पाठीवर सारखी पडत नाही, हेही आपण जाणतो. मार कुणाला बसायचा, झाडू कुणाच्या हातात द्यायचा, हे ठरताना पुष्कळदा मुलाचे आडनाव बोलत असते.

घराच्या उंबऱ्याशी आल्यावर मात्र कायदा थांबतो. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ खाली मुलाशी क्रूरपणे वागणे हा गुन्हा आहे. पण घरात शिस्तीसाठी मारू नये असे स्पष्ट सांगणारा कायदा आपल्याकडे आजही नाही. उलट जुन्या दंड संहितेच्या कलम ८९ ने बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण दिले होते आणि नव्या न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे.

रजेचीही अशीच गत आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. चांगली गोष्ट आहे. पण ती संघटित आस्थापनांतल्या बाईला. घरकाम करणारी, बांधकामावर जाणारी, शेतमजुरी करणारी बाई तिच्या बाहेर राहते. तिच्या वाट्याला मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये येतात. बापाला खासगी क्षेत्रात कायद्याने एक दिवसही रजा नाही. १९७५ पासून चालत आलेली अंगणवाडी हा मोठा आधार आहे, पण ती काही तासच उघडी असते आणि तिथे तीन वर्षांखालच्या मुलाला दिवसभर ठेवण्याची सोय नसते.

याचा सर्वात कठीण नमुना पाहायचा तर दिवाळीनंतर मराठवाड्यातल्या गावांत जा. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे कोयता घेऊन कारखान्याच्या दिशेने निघते. उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी उभी राहते. पहाटे आई-बाप तोडीला जातात आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला सांभाळते. पाच-सहा महिने तिची शाळा सुटते. त्या मुलीच्या बाबतीत पालकत्व हा शब्द कुणाला लागू करायचा? आईला, की तिला स्वतःला? स्वीडनमध्ये जे काम रजा आणि पाळणाघर करते, ते आपल्याकडे मोठ्या बहिणीच्या कमरेवर टाकलेले आहे.

ही मागणी आपल्याला नवी नाही

आपल्या वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल की १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून तो भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. म्हणजे मूल वाढवणे ही एकट्या आईची खासगी बाब नाही, ही समाजाची आणि शासनाची जबाबदारी आहे, हा विचार बाबासाहेबांनी स्वीडनच्या पालक-रजेच्या जवळपास अर्धशतक आधी मांडला होता. आपण जयंतीला त्यांच्या मूर्तीला हार घालतो, पण गिरणीतल्या बाळंतिणीसाठी उभे राहिलेले बाबासाहेब आपल्या भाषणांत क्वचितच येतात.

शिस्तीचा प्रश्न तथागतांसमोरही आला होता. राहुल लहान असताना त्याला खोटे बोलण्याविषयी समज द्यायची होती. बुद्धांनी पाय धुतलेल्या भांड्यात थोडेसे पाणी ठेवले आणि त्याला ते दाखवले. मग ते पाणी सांडले, भांडे पालथे केले आणि खोटे बोलणाऱ्याचे मोल कसे उरत नाही हे त्या भांड्यावरून समजावले. पुढे आरशाचे उदाहरण देऊन कोणतेही कृत्य करण्याआधी, करताना आणि केल्यावर त्याचा विचार कर, असे सांगितले. अंबलठ्ठिका राहुलोवाद सुत्तात हा प्रसंग आहे. त्यात बोलणे कडक आहे, पण हात उगारलेला नाही आणि मुलाला हीन लेखलेले नाही. मारले नाही तर शिस्त कशी लागेल, असे विचारणाऱ्या बौद्ध पालकाला हे उत्तर पुरेसे आहे.

मग आपण काय करायचे?

आधी आमची कबुली. आमच्या अभ्यासिकेतही सुरुवातीच्या वर्षात लाकडी पट्टी होती. पाढे चुकले की हातावर एक. आमच्यातल्या कुणालाच त्यात वावगे वाटले नाही. एक चौथीतली मुलगी यायची बंद झाली, तेव्हा तिच्या मैत्रिणीने सांगितले, "तिला पाढे येतात. पट्टी बघितली की विसरते." त्या दिवशी पट्टी गेली. समाजशास्त्राची पदवी घेऊनही आम्हाला हे एका नऊ वर्षांच्या मुलीकडून शिकावे लागले.

तेव्हा सुरुवात आपल्यापासून करू. विहार, अभ्यासिका, बालसंस्कार शिबिर, समता सैनिक दलाचे वर्ग, जिथे जिथे मुले आपल्या हाती येतात तिथे मारणे, उठाबशा काढायला लावणे, सर्वांसमोर अपमान करणे बंद, असा नियम लिहून भिंतीवर लावू. मुलांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लावू. स्वीडनने दुधाच्या खोक्यावर जे केले ते आपण विहाराच्या भिंतीवर करू शकतो.

पालकांची बैठक रविवारी घेऊ आणि बापांना नाव घेऊन बोलावू. मुलाचे प्रगतिपत्रक घ्यायला, दवाखान्यात न्यायला बाप गेला तर त्याचे कौतुक करू. राखीव रजेची सक्ती करणे आपल्या हातात नाही, पण ही सवय लावणे आहे.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक अनुदानित आणि सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती नेमली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान देण्याची तरतूद आहे. आपल्या वस्तीतल्या किती आया त्या समितीत आहेत? तरुणांनी हे तपासावे. कलम १७ विषयीचा प्रश्न तिथेच विचारला गेला पाहिजे.

अंगणवाडीचे तास वाढवणे, वस्तीत पाळणाघर, घरकामगार आणि ऊसतोड मजूर स्त्रियांना पगारी प्रसूती रजा, मुलांसाठी हंगामी वसतिगृहे वेळेवर सुरू करणे, या मागण्या आपल्या मोर्च्याच्या निवेदनात आल्या पाहिजेत. आरक्षण आणि शिष्यवृत्ती इतकाच हा शिक्षणाचा प्रश्न आहे. सहाव्या वर्षापर्यंत जे मूल मागे पडते, त्याला अठराव्या वर्षी शिष्यवृत्ती घ्यायला पोचताच येत नाही.

आणि जिथे मुलाच्या जिवाला धोका आहे, तिथे घरचा मामला म्हणून गप्प बसू नये. १०९८ हा क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावा.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही आईला दोष देणारे काही बोललो नाही. मुलाला अपूर्णांक कळत नव्हते, म्हणून आठवड्यातून दोनदा त्याला वेगळे बसवले. शिकवायला बारावीतला वस्तीतलाच एक दादा मिळाला. आईने ज्या घरी ती सर्वात जुनी आहे तिथे रविवारची पगारी सुट्टी मागितली. चार महिने लागले, पण मिळाली. दिवाळीनंतर भेटली तेव्हा म्हणाली, "हात अजून उठतो, ताई. पण आता आधी ओट्यावर जाऊन बसते. राग थोडा उतरतो." मुलाला गणितात सतरा मार्क पडले होते. फार नाहीत. पण आता तो पाठ टेकून बसतो.

जय भीम. नमो बुद्धाय.